बघून घेते

फौजदारी वकील म्हणजे खून आणि दरोडे, असं माझ्या नातेवाइकांना वाटत असे. मी ती समजूत दूर केली नाही; लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसवतात. प्रत्यक्षात माझं घर चाललं ते पार्किंगच्या मारामाऱ्या, कुंपणांचे वाद आणि रागाच्या भरात बोललेल्या वाक्यांवर. खराडी-हडपसरच्या शेतांत आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शेजारी शेजारी राहणाऱ्या मराठी माणसांना एकमेकांचं मराठी कळेनासं झालं. धंद्याच्या दृष्टीने हा भरभराटीचा काळ.

अशाच एका वाक्यापायी हडपसरच्या एक मावशी माझ्या अशील झाल्या. शेत बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि त्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. वीज सारखी जायची, पोरं कुरकुरायची. शेजारच्या सोसायटीने जुना जनरेटर विकायला काढला, तेव्हा मावशी तो घ्यायला गेल्या.

सोसायटीचे चेअरमन निवृत्त बडे अधिकारी. दारावरच्या पितळी पाटीवर त्यांची सगळी माजी पदं कोरलेली, त्यात नाव शोधावं लागे. ते म्हणाले, "मी सांगतोय ना, मशीन उत्तम आहे."

मावशी म्हणाल्या, "सांगा की. पर मी बघून घेते."

हे झालं सगळ्या सभासदांदेखत. चेअरमन तडक पोलीस चौकीत गेले. 'तुम्हाला बघून घेते, अशी धमकी दिली' अशी फिर्याद झाली आणि मावशींवर खटला उभा राहिला.

"तुम्ही 'तुम्हाला' म्हणालात का?" मी विचारलं.

"त्यांना कशाला बघू? त्यांच्यात बघण्यासारखं काय हाय?"

"मावशी, हे कोर्टात बोलायचं नाही."

खटला तारखा खात निवांत पडला होता आणि मावशींचीही काही तक्रार नव्हती. कोर्टात त्यांच्या ओळखी झाल्या होत्या. एका पट्टेवाल्याच्या मुलीचं लग्नही त्यांनी तिथेच बसून जमवलं. मग अमेरिकेत दिलेल्या त्यांच्या लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला आईच हवी, असं तिचं म्हणणं. मावशींनी पासपोर्टचा अर्ज केला आणि खटला आडवा आला. मी म्हटलं, कोर्टाची परवानगी काढू, तेवढ्यापुरता पासपोर्ट मिळेल.

"कोर्टाची चिठ्ठी घिऊन बाळंतपणाला जाऊ व्हय? व्याही काय म्हनतील? मला निर्दोष करा, न्हाईतर मी जात न्हाई."

फोनवर तिकडे लेक रडायची, इकडे या डोळ्यांना पदर लावायच्या. पण हट्ट तोच.

मूल नऊ महिन्यांत होतं. आमच्याकडे तेवढ्यात फार तर समन्स बजावलं जातं. मी लवकर सुनावणीचा अर्ज केला. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. 'बाळंतपण' हा शब्द वाचल्यावर माझं भाषण ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी जवळची तारीख दिली.

उलटतपासणीला मी जाडजूड शब्दकोश घेऊन गेलो होतो. 'बघणे' या क्रियापदावर अर्धा तास बोलायची माझी तयारी होती. चेअरमन कोट घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, सत्कार असल्यासारखे.

"फिर्याद तुम्ही लिहिलीत?"

"पोलिसांनी लिहिली. मी सही केली."

"न वाचताच?"

हा प्रश्न मी शब्दकोशातलं पान सापडेपर्यंत वेळ काढायला विचारला होता. पण चेअरमन दुखावले.

"अहो, सारी हयात प्रशासनात गेली माझी! समोर कुठलाही कागद येऊ द्या, मी आधी बघून घेतो, मगच सही करतो."

सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला, "आता त्या कागदानं कुठं फिर्याद द्यायची?"

मॅजिस्ट्रेटबाईंनी आरोपीला गप्प बसण्याची ताकीद दिली, पण ती देताना त्यांना फाइल तोंडापुढे धरावी लागली. मग टायपिस्टला म्हणाल्या, "साक्षीदाराचं वाक्य जसंच्या तसं घ्या."

शब्दकोश मी न वापरताच घरी नेला. मावशी निर्दोष सुटल्या. मराठी भाषेचा ऱ्हास होतो आहे, असं चेअरमननी व्हरांड्यात मला सुनावलं. मी सहमती दर्शवली.

पुढे पासपोर्ट आला, व्हिसा मिळाला, लेकीचे दिवस भरायच्या आत मावशी विमानात बसल्या. एके सकाळी मी कोर्टाला निघत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"वकीलसाहेब, नात झाली! दोघी खुशाल हायेत!"

"वा, अभिनंदन! कुणावर गेलीय?"

"नीट कुठं दिसली अजून? हितल्या लोकांनी नुसती गुंडाळून ठिवलीय. नर्स म्हनते, सगळं फाइन हाय. म्हटलं, असंल बाई. उद्या दुपटं सोडून बघून घेते."