हातात न दिलेला चाकू

रेल्वेच्या त्या कचेरीत जेवणाची सुट्टी झाली की एका टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या जात, वर्तमानपत्र पसरलं जाई आणि त्यावर डबे उघडत. काकडी, मुळा, पेरू, ज्याने जे आणलं असेल ते मधोमध येई. कापायला चाकू एकच होता. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याला कुणीतरी कधीतरी धार लावलेली आणि मुठीच्या जागी काळी टेप गुंडाळलेली.

विश्वंभरला त्या चाकूची लाज वाटे. एकदा वरचे साहेब अचानक आत आले, तेव्हा तो नेमका याच्याच हातात होता. साहेब म्हणाले, "क्यों भाई, डकैती की तैयारी है?" सगळे हसले. विश्वंभरही हसला, पण ते त्याच्या मनाला लागलं. माणसाची पारख त्याच्या वस्तूंवरून होते असं मानणाऱ्यांपैकी तो होता. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला टोपणाचं पेन, रुमालाची घडी कधी मोडलेली नाही. भुसावळहून बदली होऊन तो झाशीला आला, तिथल्या नगरा भागात त्याने घर केलं, मुलगी मयुरा इथेच मोठी झाली. "मराठी आदमी है, सलीके का," असं कुणी म्हटलं की त्याचा दिवस चांगला जाई.

म्हणून एका रविवारी तो मयुराला घेऊन मानिक चौकात गेला. भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते विकणारं एक अरुंद दुकान होतं. दुकानदाराने पहिला चाकू दाखवला तो खटका दाबताच फटकन उघडला.

"बाबा, हा काढलात ना, तर सगळे टेबलाखाली जातील," मयुरा म्हणाली.

दुसऱ्याला कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायचा आकडा होता. विश्वंभरने तो उलटसुलट केला. "हा चाकू नाही, अख्खं वर्कशॉप आहे."

"तो फिर क्या चाहिए, बाबूजी? काटना क्या है?"

"अमरूद," विश्वंभर म्हणाला, आणि पेरूसाठी एवढी चिकित्सा करणाऱ्या या गिऱ्हाइकाकडे दुकानदार बघतच राहिला.

मग आतल्या खणातून तो निघाला. गडद तपकिरी लाकडाची मूठ, दोन पितळी ठिपके, आणि बोटाच्या पेराएवढं रुंद, निमुळतं पातं. नखाने ओढलं की हळू उघडे, मिटताना हलकेच टक् करी. पातं हलत नव्हतं, मुठीत बरोबर मधोमध बसत होतं. तळहातावर ठेवून मूठ मिटली तर दिसेनासा होई. कुणाला दचकवणार नाही आणि कुणी पाहिला तर नजर थांबेल, अगदी असाच त्याला हवा होता.

"छान आहे," मयुरा म्हणाली. "तुमच्यासारखाच आहे. सीधा-साधा, पर थोड़ा स्टाइल में."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्याने तो खिशातून काढला तेव्हा व्हायचं तेच झालं. शेजारच्या टेबलावरचे तिवारीजी हात पुढे करून म्हणाले, "लाइए, देखें तो सही." विश्वंभरने उघडा चाकू मुठीकडून त्यांच्या हातात दिला. तिवारीजींनी अंगठ्यावर धार पाहिली, एक काकडी कापली, आणि "भई वाह, अब लगता है दफ़्तर में कोई बैठता है," असं म्हणून चाकू परत त्याच्या हातात ठेवला.

टेबलाच्या टोकाला कमलिनी बसली होती. पावसाळा सरता सरता ती या विभागात रुजू झाली होती. चिरगाँवहून रोज बसने ये-जा करी. मान खाली घालून काम करी आणि चुका कमी करी. आडनाव अहिरवार, तिकडच्या दलितांमधलं. झाशीत आडनाव कळलं की जातीचं वेगळं विचारावं लागत नाही. तिने पिशवीतून गावाकडचे पेरू काढले, पिवळसर, पानांसकट, आणि हात पुढे केला.

"सर, ज़रा चाकू दीजिएगा."

विश्वंभर वाकला आणि चाकू वर्तमानपत्रावर ठेवला. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर.

तिचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग तिने चाकू उचलला, एक पेरू कापला, फोडी आपल्या डब्याच्या झाकणात घेतल्या. उठून नळाखाली चाकू धुतला, ओढणीच्या टोकाने पुसला, आणि विश्वंभरसमोर वर्तमानपत्रावर ठेवून दिला. उरलेले पेरू तिने अख्खेच पुढे सरकवले. "आप लोग अपने आप काट लीजिए."

कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. तिवारीजी त्यांच्या मेहुण्याच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. पण विश्वंभरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने चाकू धुतला होता, आणि इतक्या सवयीने धुतला होता.

संध्याकाळी त्याने बायकोला, विद्याला सांगितलं. सांगताना आवाज सहज ठेवला. ती पोळ्या लाटत होती.

"त्यात काय? आपल्यात चाकू कुणी हातात देतं का? भांडण होतं म्हणतात. सासूबाई विळीसुद्धा खाली ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, उचल आता. तिला काय ठाऊक आपलं? उद्या समजावून सांगा."

विश्वंभरला एकदम हलकं वाटलं. खरंच की. लहानपणापासूनची रीत, हात आपोआप खाली गेला असणार. तो पाटावर बसला, पोळीचा तुकडा मोडला.

"मग तिवारी अंकलना पण खालीच ठेवून दिलात ना?" मयुराने विचारलं. तिने वर पाहिलंही नव्हतं, ती भाजीतला कढीपत्ता बाजूला काढत होती.

"हो," विश्वंभर म्हणाला.

तो 'हो' तोंडातून गेला आणि त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. आईची रीत तिवारीजींच्या वेळी कुठे गेली होती? आणि एकटा चाकूच कशाला? कमलिनीने इतक्या दिवसांत कितीदा डबा पुढे केला, आणि कितीदा त्याने पोटावर हात फिरवून "आज पेट भरा है" म्हटलं, हेही त्याला आता आठवत होतं. तिवारीजींच्या डब्यातली कचोरी मात्र त्याने पोट भरलेलं असतानाही खाल्ली होती. हे सगळं त्याने कधी ठरवून केलं नव्हतं. म्हणूनच त्याला जास्त शरम वाटली. ठरवून केलेलं माणूस सोडू शकतो.

सकाळी स्कूटरवरून जाताना त्याने हिंदीत वाक्यं जुळवली. कचेरीत पाण्याच्या कूलरपाशी कमलिनी बाटली भरत होती.

"कमलिनी जी, कल वो चाकू... हमारे महाराष्ट्र में हाथ में नहीं देते. झगड़ा हो जाता है, ऐसा मानते हैं."

"अच्छा?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "हमारी दादी नमक के लिए ऐसा कहती थीं."

इथे थांबता आलं असतं. ती त्याला वाट करून देत होती, आणि त्यावरून चालत गेलं तर सगळं पूर्वीसारखं झालं असतं. विश्वंभरने तिच्या बाटलीकडे पाहिलं.

"पर तिवारी जी को हाथ में दिया था," तो म्हणाला.

बाटली काठोकाठ भरून पाणी सांडू लागलं. तिने कूलरचा नळ बंद केला.

"देखा था," ती म्हणाली. टोपण लावलं, पिळून घट्ट केलं. "सर, मुझसे तो आपने यहाँ कोने में कह दिया. कल तो सबके बीच में रखा था."

बाटली घेऊन ती आपल्या टेबलाकडे निघून गेली.

सुट्टी झाली. वर्तमानपत्र पसरलं गेलं, डबे उघडले. तिवारीजींनी मुळा काढला आणि हात पुढे केला. "लाइए, विश्वंभर जी, आपका राजसी चाकू."

सकाळपासून विश्वंभरला एकच सुचलं होतं. त्याने चाकू तिवारीजींच्या पुढ्यात, वर्तमानपत्रावर ठेवला. सगळ्यांना सारखंच. कुणाला वावगं दिसणार नाही, काही बोलावंही लागणार नाही. आणि ठेवता ठेवताच त्याला कळलं की ही कालच्याहून मोठी लबाडी आहे. पुन्हा मान वाचवायलाच तो रीत पुढे करत होता.

"ये क्या नया नाटक है?" तिवारीजी हसले. "कल तक तो हाथ में देते थे."

टेबलाच्या टोकाला कमलिनीचा घास थांबला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"कल आपको हाथ में दिया," विश्वंभर म्हणाला. आवाज वाटला तितका मोठा निघाला नाही. "और इनको नहीं दिया. इन्होंने हाथ बढ़ाया था, मैंने नीचे रख दिया."

कुणीतरी डब्याचं झाकण उगाच पुन्हा लावलं. तिवारीजींनी एकदा कमलिनीकडे, एकदा मुळ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं, कारण ते घाईने म्हणाले, "अरे छोड़िए भी. ये खाते वक़्त की बातें हैं क्या? रोटी ठंडी हो रही है."

विश्वंभरने सुटल्यासारखा श्वास घेतला आणि डब्याकडे हात नेला.

"तिवारी जी," कमलिनी शांतपणे म्हणाली, "बोलने दीजिए उन्हें."

त्याचा हात डब्यावरच राहिला. का खाली ठेवला, ते अजून बोलायचं राहिलं होतं. त्यासाठीची वाक्यं काही त्याने सकाळी जुळवली नव्हती. टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच तीही. विश्वंभरने खाली मान घालून, अडखळत, तिच्या आडनावापासून सुरुवात केली.