न पाहिलेल्या सासूबाईंचं चित्र

मला वाट बघता येत नाही. भात शिजत ठेवला की झाकण उचलून उचलून बघायची माझी खोड अजून गेलेली नाही. आई म्हणायची, ही कार्टी सुईण दारात यायच्या आधीच जन्माला आली. अशा बाईला एका चित्रासाठी दोन पावसाळे काढावे लागले, आणि चित्र तरी कोणाचं, तर मी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माझ्या सासूबाईंचं.

माझं माहेर मुरबाडचं, सासर शेणव्याचं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच सुमाराला माझं लग्न झालं. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. त्यांचा फोटो घरात नव्हता. फोटोवाला कल्याणला, आणि चांगलं लुगडं नेसून तिथं जाऊन खुर्चीवर बसायला त्यांना भाताच्या कामातून कधी सवडच झाली नाही. मी घरात आले तेव्हा त्यांची वस्तू म्हणून एक जातं तेवढं उरलं होतं.

सासरे अंगापिंडानं दांडगे, मिशा भरघोस, बोलणं मोजकं. एका दुपारी ते पडवीत बसले होते आणि मी तांदूळ निवडत होते. त्यांनी आपण होऊन विषय काढला. कल्याणच्या डॉक्टरानं काचबिंदू सांगितला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यानं त्यांना नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टरालाही सांगता येत नव्हतं.

"तुझी सासू मला आता नीट आठवत नाय गो," ते म्हणाले. "दिसतंय तवर येकदा तिचं तोंड बघायचंय. तुमच्या मुरबाडात तो चितारी हाय ना?"

मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी मला बजावलं, "पन डोळ्यांचं कोनाला बोलायचं नाय. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचेत. निम्म्या आंधळ्याला लोक लंगडा बैल पन गळ्यात मारतील."

हे मात्र खरं होतं. म्हशाच्या बाजारात बैलाचे दात बघणारे जितके, त्याहून जास्त गिऱ्हाइकाचे डोळे बघणारे. मी तोंड शिवून घेतलं.

चितारीकाका आमच्याच आळीतले. सगळं मुरबाड त्यांना चितारीकाकाच म्हणायचं. मूळचे ते गणपती करणारे. उरलेल्या दिवसांत देवळाच्या भिंती रंगवायचे, कोणाला हौस असली तर तसबीर काढून द्यायचे आणि जत्रेत बैलांची शिंगंही रंगवायचे. त्या पौषात म्हशाच्या जत्रेत ते नेहमीसारखे रंगाचे डबे मांडून बसले होते. मी माहेरच्या माणसांबरोबर गेले होते, सासरे शेणव्याहून आले होते. मी दोघांची गाठ घालून दिली आणि डोक्यावरचा पदर सावरत सुनेनं उभं राहावं तशी बाजूला उभी राहिले.

"मंडळीचं चित्र पायजे व्हतं," सासरे म्हणाले.

"करू की."

"फोटो नाय."

"नसू दे. सांगाल तशी काढू."

"होईल ना?"

"होईल."

संपलं बोलणं. कधी होईल हे सासऱ्यांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. मग दोघं बैलांच्या किमतीवर बोलत राहिले; किमती चढ्या, त्या साली बैल घेणं राहून गेलं. मी मनातल्या मनात हात चोळत होते. आमच्याकडं हे असंच. चांगल्या कारागिराला दिवस विचारला तर त्याच्यावर भरवसा नाही असं होतं, आणि कारागिरानं दिवस सांगितला तर तो उथळ ठरतो. तेव्हा दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि वाट बघायचं काम माझ्याकडं आलं.

उन्हाळ्यात काकांचा निरोप आला. मुरबाडहून किन्हवलीकडं कांदे घेऊन येणाऱ्या गाडीवानानं तो पोचता केला: नाक कसं होतं ते कळवा. संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावच्या बायका गोळा झाल्या आणि नाकावरून वादाचा जो कडाका उडाला तो विचारू नका. एक म्हणाली सरळ होतं. दुसरी म्हणाली बसकं होतं, नथ जड होती म्हणून सरळ दिसायचं. सासूबाईंची धाकटी बहीण मुद्दाम उंबरमाळीहून आली होती. ती म्हणाली, "माझ्यासारखंच व्हतं," आणि बाकीच्या सगळ्या एका सुरात "नाय नाय" करून उठल्या. बिचारी रुसून आत जाऊन बसली. सासरे कोपऱ्यात विडी ओढत होते. मी विचारलं, "मामंजी, तुम्ही सांगा ना." ते म्हणाले, "नाक व्हतं येवढं नक्की."

शेवटी मीच गाडीवानाला नथ, गोंदण, हनुवटी असं सगळ्याजणींकडून कळलेलं सांगितलं, आणि नाक सरळ काढा, पण फार नको, म्हटलं. काकांचा उलटा निरोप आला की असं नाक सगळ्यांत सोपं, पण पांढरा रंग संपलाय आणि लढाईमुळं मुंबईच्या दुकानातही मिळत नाही. मग पाऊस लागला, काळू नदी दोन्ही काठ सोडून वाहायला लागली आणि निरोप बंद झाले. पाऊस उतरेपर्यंत गणपती आले, आणि गणपतीच्या दिवसांत काकांकडं दुसऱ्या कामाचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती. गणपती झाले, आमची भातकापणी आली. झोडणी झाली. सासरे आताशा खळ्यावरून येताना कुंपणाला हात लावत लावत यायचे. तुमचं काय दुखतंय म्हणून कोणी विचारलं तर गुडघा सांगायचे.

पुन्हा पौष आला, पुन्हा म्हसा. या वेळी मी दिवस गेल्यामुळं घरीच होते. बाप-लेक बैल घेऊन परत आले तशी मी आमच्या ह्यांना विचारलं, "चितारीकाका भेटले?"

"भेटले तर. बराच वेळ बोलत बसलेले दोघं."

"मग चित्राचं काय म्हणाले?"

"चित्राचं? चित्राचं कुठं काय निघालं?"

मी कपाळाला हात लावला. दोघं भल्या मोठ्या जत्रेत तासभर मांडीला मांडी लावून बसले, पाऊसपाणी झालं, शिंगांना लाल बरा की हिरवा ते झालं, चहा झाला, आणि चित्राचा शब्द नाही! सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "तो काय बोल्ला नाय, म्हंजे झालं नसंल. आपून कशाला तगादा लावायचा?" बैल तेवढे चांगले मिळाले. पारख मात्र ह्यांनी केली होती, आणि सासऱ्यांनी नुसती मान हलवली होती.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी एकदा काकांच्या दारात गेले आणि विचारलं, "काका, आमचं चित्र झालं का?"

"डोळे राहिलेत," काका मातीचा गोळा मळत म्हणाले.

मी तसाच निरोप घेऊन शेणव्याला आले. सासरे खूश झाले. "डोळे सावकाश करू दे त्याला," म्हणाले, "डोळ्यांतच सगळं असतं." आणि नातीचं तोंड बघायला त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून अगदी नाकाजवळ धरलं, मग हळूहळू डावीकडून उजवीकडं नेलं. पोरगी खिदळली. तोवर त्यांना एकावेळी एक अख्खं तान्हं तोंडसुद्धा दिसेनासं झालं होतं.

श्रावणात पंचमीसाठी मी पुन्हा मुरबाडला गेले, तेव्हा एवढं सगळं पोटात साठलेलं होतं. काळूला पाणी होतं, पण होडी चालू होती. घरी पिशवी टाकली आणि आधी काकांचं दार गाठलं. आत ओळीनं गणपती बसलेले, कोणाला सोंड लावायची होती, कोणाला हात.

"झालं का चित्र?"

"सांगितलं ना गो, डोळे राहिलेत."

मग माझा तोल गेला. "डोळे राहिलेत म्हणजे किती राहिलेत? पौष गेला, शिमगा गेला, आता श्रावण आला! दोन डोळे काढायला एवढे दिवस लागतात का? तुम्ही तिकडं डोळे काढायचे ठेवलेत आणि इकडं माझ्या मामंजींची नजर चाललीय. काचबिंदू आहे त्यांना. तुमचं चित्र होईपर्यंत ते आंधळे होतील, मग काय हातानं चाचपायचं त्यांनी?"

काकांच्या हातातली माती खाली पडली. ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेली मोठी चौकट बाहेर घेऊन आले. कापड काढलं. एक बाई बसली होती, नाकात नथ, कपाळावर गोंदण, हिरवं लुगडं, नाक सरळ पण फार नाही. फक्त डोळ्यांच्या जागी नुसता अंगाचा रंग.

"पांढरा मिळाला तसं म्हशाच्या जत्रेच्या आधीच झालंय हे," काका म्हणाले. "माणसाचे डोळे मी एकटा नाय काढीत. तिचं ज्याच्यावर लक्ष व्हतं तो समोर लागतो. तुझा सासरा येयाची वाट बघतोय मी. जत्रेत भेटला, तर काय बोल्ला नाय. मला वाटलं, त्याला घाई नसंल."

"अहो, मग निरोप का नाही पाठवलात?"

"निरोप?" काकांना खरंच नवल वाटलं. "काम झालं म्हनून मी जन्मात कोनाला निरोप नाय पाठवला. गणपती झाला म्हनून कोन सांगतं? आपला पाट ठेवून जातात लोक, अन दिवस आला की येतात."

मला हसावं की रडावं ते कळेना. मी हसले. इतकं हसले की काकाही हसायला लागले. एकजण वाट बघतोय की बोलावणं येईल, दुसरा वाट बघतोय की माणूस येईल, आणि दोघं मध्ये जत्रेत मांडीला मांडी लावून शिंगांच्या रंगावर बोलताहेत. पण हसणं थांबलं तशी मी तिथंच उंबऱ्यावर फतकल मारून बसले.

"काका, तुम्ही आत्ता चला."

"आता? गणपती कोन करील? चतुर्थी आली."

"तुमची चतुर्थी कधी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मामंजींची नजर कधी जाईल ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांना या पुरात होडीतून आणवणार नाही. तुम्ही चला."

काकांनी गणपतींच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "मातीवर ओलं फडकं टाकून ठेव गो." ते श्रावणात काम सोडून उठले, यावर आमच्या आळीचा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. चित्र घोंगडीत गुंडाळून काकांनी होडीत मांडीवर धरलं होतं आणि माझी मुलगी माझ्या मांडीवर. होडीवाल्यानं विचारलं, "काय नेताव?" काका म्हणाले, "व्याह्याची बायको." होडीवाला पलीकडं पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

शेणव्याला पोचलो तर उघडीप होती. ओट्यावर उजेडात चौकट टेकवली. सासऱ्यांना समोर पाट दिला. बातमी पसरायला वेळ लागला नाही, नाकाच्या भांडणातल्या सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या. सासरे वाकून बघू लागले. त्यांना दिसायचं ते रुपयाएवढं. आधी गोंदण सापडलं, तिथं थांबले. मग नथ. मग हनुवटी. प्रत्येक ठिकाणी "हां," म्हणत होते. चितारीकाकांनी बारीक कुंचला भिजवला आणि विचारलं, "आता सांगा. कुठं बघत असायची?"

सगळं गाव कान टवकारून उभं. सासऱ्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"माझ्याकडं नाय बघायची," शेवटी ते म्हणाले. "चारचौघांत कशी बघंल? पन मी जेवाया बसलो का, चुलीपासून, मान न वळवता, अशी हळूच माझ्या ताटाकडं बघायची. भाकर संपली का काय ते."

काकांनी मान डोलावली. त्यांनी सासऱ्यांना पाटावर जेवायला बसल्यासारखं बसायला सांगितलं आणि ते बसले तसे त्यांच्या गुडघ्यापुढची जमीन एकदा नीट बघून घेतली. मग कुंचला टेकवला. थोड्या वेळानं काका बाजूला झाले. बाई आता खाली, जरा कडेला, ओट्यावरच्या एका रिकाम्या जागेकडं बघत होती. उंबरमाळीची मावशी मागं उभी होती, ती "अगो बाय!" म्हणून मटकन खाली बसली.

सासरे पुढं सरकले. त्यांची नजर नथीवरून वर चढली, चुकली, परत फिरली, आणि डोळ्यांवर जाऊन थांबली. मग त्यांनी हात आडवा धरला, पंगतीत वाढणारीला नको म्हणतात तसा.

"पुरं गो," ते चित्राला म्हणाले. "पोट भरलं."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आत पळाले. चितारीकाका सकाळपासून उपाशी होते, चूल पेटवायची होती.