बोटीतली चार सॉकेटं

कोथरूडमध्ये ज्ञानदेव कुदळे वायरमन म्हणजे पस्तीस वर्षांचं नाव. टेस्टर शर्टाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला. त्यांनी पेन्सिलीने बोर्डावर 'बंद' लिहिलं की सोसायटीतली माणसं तिथे बिनघोर खिळे ठोकत. पुण्यात इतका विश्वास डॉक्टरवरसुद्धा कुणी टाकत नाही.

म्हणूनच धरणाकाठच्या जयसिंगने त्यांना बोलावलं. त्याने मालवणहून जुनी मोटरबोट आणली होती. उद्या तिची पूजा, मग त्याची आई बायडाबाई आणि सहा वर्षांची लेक राजनंदिनी पहिली फेरी मारणार. बोटीत चार सॉकेटं होती. गोल, झाकणाची, घरात कधी न दिसणारी. ती कशाची, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. ज्ञानदेवांनी चारहींत टेस्टर घातला. पेटला नाही. त्यांनी चार वेळा 'बंद' लिहिलं, चहा घेतला आणि निघाले.

"मग आजच पत्रा मारून बुजवतो," जयसिंग म्हणाला.

वारज्यात वळताना त्यांनी स्कूटरचा इंडिकेटर लावला. त्याची उघडझाप बघता बघता त्यांनी करकचून ब्रेक दाबला. बारा व्होल्ट! बोटीतही बॅटरीच! बॅटरीच्या करंटवर घरातला टेस्टर पेटतच नाही, हे काल धंद्यात आलेलाही सांगेल. त्या सॉकेटांमागून जाड वायरी गेलेल्या. त्यांत स्क्रू घुसला तर ठिणग्या उडणार, आणि पेट्रोलचा कॅन तिथेच, हातभरावर.

जयसिंगचा फोन लागेना. सात वेळा लावला. मग त्यांनी स्कूटर उलटी फिरवली. पस्तीस वर्षं खाल्ली नाही ती माती आज खाल्ली, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर! धरणाच्या बाजूने धूर दिसतोय का, हे बघायचंही त्यांना धाडस होईना.

बोटीत जयसिंग ड्रिल घेऊन वाकला होता. राजनंदिनी पेट्रोलच्या कॅनवर बसून त्याला स्क्रू देत होती.

"जयसिंगराव, थांबा! पोरीला आधी बाहेर काढा!"

"अहो, तुमीच बंद लिवलंय की!"

स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब काढून ज्ञानदेवांनी दोन वायरींनी एकेका सॉकेटाला लावला. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर तो लख्ख पेटला. तिसऱ्यावरही. चौथ्यावर नुसता लुकलुकला, आणि ते का, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी बॅटरीच्या वायरी सोडवल्या आणि बॅटरी उचलून काठावर आणली.

"पस्तीस वर्षं काय केलंत मग?" जयसिंगचा आवाज चढला. "उद्या बोट चालवू कशी?"

"वल्ही हायेत की," काठावरून बायडाबाई म्हणाली. "त्यांना बसू दे आधी."

ज्ञानदेव बसले. राजनंदिनीने तांब्याभर पाणी आणलं. त्यांनी ते घटाघट पिऊन टाकलं.

"आजोबा, बोट खराब झाली?"

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "मी चुकलो."