बिनखिडकीची केबिन

माझे सासरे हर्मिनियो फुर्ताडो जहाजाची तिकिटं काढायला बसले असताना असं काही बोलले, की माझ्या हातातला कॉफीचा कप खाली पडला. खोटं सांगत नाही, तिकीटवाल्या मिसेस अरुडाच्या ऑफिसातल्या नव्या गालिच्यावर अजून डाग आहे. "मला कठड्याच्या शेजारी झोपवू नका," ते म्हणाले, "माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

हे कोण बोललं? तर आमचे पापा! माझी सासू देओलिंडा गेल्या वर्षी गेली, तेव्हा कबरीपाशी उभं राहून या माणसानं एकच वाक्य काढलं होतं: "लोक लांबून आलेत, त्यांच्या जेवणाचं बघा." उभा जन्म अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या बंदरात गेला, शिंपले पकडणाऱ्या बोटीवर. डाव्या हाताची दोन बोटं साखळीनं नेली, तर घरी येऊन म्हणाले, "आठ उरलीत." अंजिराच्या झाडावरून शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं भांडण, आणि त्याच शेजाऱ्याच्या दारात दर सप्टेंबरला अंजिरांची टोपली. चर्चमध्ये गेले की मागे दाराशी उभे राहणार, बसणार नाहीत. मनातलं बोलणं हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून माझ्या तोंडाचा पट्टा आणि त्यांचं मौन, यावरच आमचं स्वयंपाकघर चालत आलंय.

आम्ही सांतो क्रिश्तोच्या, म्हणजे येशूच्या, उत्सवाला आमच्या मूळ बेटावर, पोर्तुगालच्या साओ मिगेलला निघालो होतो. सासूबाईंनी नवस बोलला होता, चौकातून गुडघ्यांवर चालीन म्हणून, आणि तो फेडायच्या आधीच त्या गेल्या. आमच्यात नवस बोलणारा गेला म्हणून नवस जात नाही, तो घरातल्या माणसाच्या गळ्यात पडतो. पापांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केलेली. म्हणून बोस्टनहून जहाज. पापा, माझा नवरा दुआर्ते, आमची सोळा वर्षांची नतालिया आणि मी.

खरं तर त्या दिवशी मी आधीच चकित होऊन बसले होते, ते दुआर्तेमुळे. दुआर्ते बोटीवर कॅप्टन. फेब्रुवारीत त्याच्या बोटीवर मायकी पाशेको नावाचा पोरगा गेला. जाळं ओढायची तार तुटली, आणि तो सरळ पाण्यात. चौकशी झाली, दुआर्तेचा काही दोष नाही असं लिहूनही आलं. पण दुआर्ते उरलेला सगळा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवण नाही, बोलणं नाही. आणि मग ईस्टरनंतर एकदम सावरला. गॅरेज आवरलं, शिट्टी वाजवायला लागला. मी देवापुढे दोन मेणबत्त्या लावल्या. तर मिसेस अरुडाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरला, आणि हा म्हणतो कसा, "तुम्ही तिघं एका मोठ्या केबिनमध्ये राहा. मी वेगळी घेतो. घोरतो ना मी. ही बघा, अगदी मागची, वरची, बाल्कनीवाली."

"अरे वा, लाटसाहेब!" मी म्हटलं. "बायकोला घोरणं ऐकवायला इतकी वर्षं लाज वाटली नाही ती?"

तो हसला. चांगला मोकळा हसला. पापा नकाशाकडे बघत होते. "वीस वर्षं समुद्रावर काढलीस," ते म्हणाले, "आणि आता समुद्र बघायला जास्तीचे पैसे देणार?"

"सुट्टी आहे पापा. चैन करू या की जरा."

पापांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. आणि मग ते वाक्य बोलले. वर म्हणाले, "दोन केबिनी घ्या. आतल्या. खिडकी नको, बाल्कनी नको, काही नको. समोरासमोर. एकीत लूसिंडा आणि पोरगी, दुसरीत मी आणि दुआर्ते. दुआर्तेच. मला आवरायची वेळ आली तर बाईमाणसाच्यानं होणार नाही."

मिसेस अरुडानं छातीवर क्रूस काढला. दुआर्ते तर इतका पांढरा पडला, की मला वाटलं आता हाच कोसळतो. तो म्हणाला, "बरं पापा. तुम्ही म्हणाल तसं."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम होतं: पापांना जिवंत पलीकडे न्यायचं, नवस फेडायचा आणि जिवंत परत आणायचं. मी दुआर्तेला म्हटलं, जाणंच रद्द करू. पापा म्हणाले, नवस रद्द होत नाही. डॉक्टरांकडे गेलो. पापांनी हट्ट धरला की दुआर्तेही आत बसणार. "जे विचाराल ते माझ्या मुलासमोर विचारा," म्हणाले. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं संपवावंसं वाटतं का, असे ते प्रश्न. पापा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते आणि दुआर्ते खाली बघत होता. मला भडभडून आलं. बापाचे हाल कुठल्या मुलाला ऐकवतील? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, यांना एकटं सोडू नका.

आतली केबिन म्हणजे काय, ते झोपल्याशिवाय कळत नाही. दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. सकाळ झाली की नाही ते घड्याळाला विचारायचं, आणि ते मेलं रोज एक तास पुढे करायचं. टीव्हीवर एका चॅनलला जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसायचा. नतालिया त्याला आमची खिडकी म्हणायची. "आई, पडदा ओढ," म्हणायची आणि टीव्ही बंद करायची. तेवढंच हसू. बाकी मी चिडलेलीच होते. समोरच्या केबिनमध्ये तर त्याहून भारी चाललं होतं. बोटीवर असतात तशा पाळ्या पापांनी लावून घेतल्या होत्या. सहा तास दुआर्ते जागणार, सहा तास झोपणार, आणि तो झोपला की पापाही झोपणार. आणि जागेपणी त्या म्हाताऱ्यानं त्याला क्षणभर मोकळं सोडलं नाही. दुआर्ते, बटण लाव. दुआर्ते, नखं काप. मला सूप हवं, तूही पी, एकट्यानं माझ्या घशाखाली उतरत नाही. चल, त्या बायका पत्ते खेळतात तिथे बसू. उभ्या जन्मात ज्यानं कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाही, तो माणूस! मी नतालियाला म्हटलं, "तुझे वोवो आजोबा लहान मूल झालेत. तुझ्या बापाचा पार पिट्टा पाडलाय त्यांनी."

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवणघरातून केलच्या पानांचं सूप आणि पाव घेऊन खाली आले, तर पापा बोळात! त्यांच्या केबिनच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेले, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला लावलेले. त्यांना ओलांडल्याशिवाय आतून कोणाला बाहेर पडता येणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुआर्ते कुठाय?"

"झोपलाय. हळू बोल."

"झोपलाय? आणि तुम्ही बाहेर एकटे? पापा, तो तुमच्यावर लक्ष ठेवायला आहे, घोरायला नाही! उठवते त्याला."

त्यांनी माझं मनगट धरलं. आठ बोटांचा माणूस, पण पकड अशी की ट्रे हलला नाही. "बोस्टन सोडल्यापासून पहिल्यांदा खरा झोपलाय तो, इतके दिवस नुसता पडून असायचा. हात लावू नकोस."

"अहो, पण पहारा कोणावर आहे?"

"त्याच्यावर," पापा म्हणाले.

मला काही समजेना. मी बंद दाराकडे बघितलं.

"मी खोटं बोललो, लूसिंडा. अरुडाकडे. मला त्याला त्या बाल्कनीपासून लांब ठेवायचं होतं." ते इतक्या हळू बोलत होते, की मला वाकावं लागलं. "कुठला मासेमार समुद्र बघायला पैसे देतो? तेही मागची, वरची, एकट्याची केबिन? त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यानं आपले बूट, रबरी कपडे आणि सुरी मायकीच्या भावाला देऊन टाकली. मला भाऊच भेटला दुकानात, खूश होता. मी दुआर्तेला विचारलं, का रे? म्हणाला, मला आता काय करायचंय त्याचं."

"तो गॅरेज आवरत होता," मी म्हटलं.

"हो. आवरतच होता."

"पण तो बरा झाला होता पापा! शिट्टी वाजवत होता!"

"ठरवून टाकलं की माणसाला बरं वाटतं," पापा म्हणाले. "मी बोटीवर बघितलंय. आधी रडतात, मग एक दिवस एकदम छान वागायला लागतात. आणि सगळे म्हणतात, चला, सुटला."

ट्रे खाली ठेवला आणि मीच गालिच्यावर बसले. त्या शिट्टीसाठी मी मेणबत्त्या लावल्या होत्या. त्याच्या शेजारी झोपत होते, त्याचे सदरे धूत होते, आणि काखेत कळसा ठेवून साऱ्या गावाला वळसा घालत होते. मला स्वतःचा राग आला, आणि रागाला दुसरा रस्ता माहीत नसल्यामुळे तो पापांवर निघाला.

"मला सांगायला काय झालं होतं? मी बायको आहे त्याची!"

"तू विचारलं असतंस त्याला. त्याच संध्याकाळी, मोठ्यानं. तो हसून नाही म्हणाला असता. आणि मग मला कळलंही नसतं, कुठे आणि कधी. त्याला म्हटलं असतं, तुला सांभाळायचंय, तर पळाला असता. मला सांभाळ म्हटलं, तर थांबला. चांगला मुलगा आहे. ज्याच्यावर माणूस सोपवलाय तो आपली पाळी सोडून जात नाही."

"आणि डॉक्टर?"

"त्या गोळ्या मी घेत नाही. त्या त्याच्या कॉफीत टाकाव्यात असंही मनात आलं होतं, पण टाकल्या नाहीत. औषधाचं आपल्याला काय कळतं? प्रश्न मात्र त्यानं ऐकले."

तेवढ्यात दार उघडलं. दुआर्ते उभा होता, अनवाणी, तोंड सुजलेलं. किती वेळ दारामागे होता देव जाणे. पापांचे पाय आडवे होते, त्यांनी ते काढले नाहीत.

"मायकीला डेकवर मी पाठवलं होतं," दुआर्ते म्हणाला. "त्याची पाळी नव्हती. मीच म्हटलं, जा."

"माहीत आहे पोरा."

"पापा, मला बरं नाहीये."

मी, जिच्या बोलण्यानं शेजारी खिडक्या लावतात, त्या माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "सूप गार होतंय." तो वाकला, बापाच्या पायांच्या अलीकडेच जमिनीवर बसला, आणि रडत रडत ते गार सूप प्यायला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. येणारे जाणारे आम्हाला ओलांडून जात होते, आणि जाऊ देत म्हटलं. मग आम्ही तिघं जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या वेळी प्रश्न दुआर्तेला विचारले आणि उत्तरंही त्यानंच दिली. तिनं तिथल्या तिथे न्यू बेडफर्डच्या डॉक्टरांना फोन लावला, औषध सुरू केलं, आणि आम्हाला स्पष्ट सांगितलं की साओ मिगेलच्या बंदरात, पोन्ता देल्गादाला उतरलात की आधी इस्पितळ, मग देव. आम्ही तसंच केलं.

उत्सवाच्या दिवशी पापांनी नवस फेडला. चौकातल्या दगडांवरून गुडघ्यांवर, मोठी मेणबत्ती धरून, आणि एका बाजूला दुआर्ते, दुसऱ्या बाजूला मी. दुआर्तेचा चेहरा उतरलेला होता, शिट्टी नव्हती, हसू नव्हतं, आणि मला तो तसाच बरा वाटला. अर्ध्या वाटेवर तो पाणी आणायला तिथल्या माझ्या चुलतसासऱ्यांबरोबर गेला, तेव्हा पापा दम खायला थांबले. गुडघ्यांवर पँट फाटली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं मन हलकं झालं होतं, म्हणून मी थट्टेनं म्हटलं, "काय नाटकी आहात हो पापा! त्या दिवशी अरुडाबाईनं क्रूस काढला, माझा कप पडला. तुमचा तुमच्यावर भरवसा नाही म्हणे! कुठे शिकलात एवढं बेमालूम खोटं बोलायला?"

ते हसले नाहीत. मेणबत्तीचं मेण हातावर ओघळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

"सगळं खोटं नव्हतं गं," ते म्हणाले. "देओलिंडा गेल्यापासून माझंही तेच चाललंय. नाहीतर त्याच्यातलं मला ओळखू कसं आलं असतं?"

आणि पुढे सरकायला लागले. मी त्यांचा दंड घट्ट धरला. या माणसाला आम्ही त्या काळोख्या केबिनच्या दारात एकट्याला पहाऱ्यावर बसवलं होतं, आणि समोरच्या केबिनमध्ये मी निवांत झोपले होते.