सुमनकाकूंचे बुटके आयरिस

भर जूनमध्ये, रिपरिप पावसात, नऊवारीवर स्वेटर घातलेली एक बाई स्वतः भिजत दगडांवर छत्री धरून उभी होती. आयर्लंडमधल्या ॲथलोन गावात असलं दृश्य काही रोज दिसत नाही! मी कुंपणावरून ओरडले, "अहो काकू, भिजताय तुम्ही!" त्या वळल्यासुद्धा नाहीत. "मी वाळंन की. कांदं भिजलं तर कुजत्याल."

ही आमची पहिली भेट. सुमनकाकू म्हणजे शेजारच्या निखिलच्या आई, साताऱ्याकडच्या खेड्यातल्या. निखिल माझ्याच कारखान्यात कामाला, एकटाच राहायचा. मागच्या अंगणात दगड रचून, खडी-वाळू भरून त्याने बुटक्या आयरिसचे कंद लावले होते. हे कंद फेब्रुवारीत फुलतात आणि उन्हाळाभर जमिनीत कोरडे झोपून राहतात. आता आयर्लंडमध्ये कोरडा उन्हाळा आणायचा कुठून? आधीच्या वर्षीचे सगळे कुजले होते. काकूंचा जन्म कांदा साठवण्यात गेलेला. त्यांनी निखिलला जुन्या खिडकीची काच शोधायला पिटाळलं, ती विटांवर टेकवून वाफ्यावर छप्पर केलं आणि म्हणाल्या, "झोपंत पानी कुनालाच चालत न्हाई." त्यानंतर कंद टिकले.

पण फूल काही काकूंच्या वाट्याला येईना. त्यांना दमा. हिवाळ्यात यायचं म्हटलं की निखिल अडून बसायचा. "आई, इथल्या गारठ्यात तुझी छाती भरेल. उन्हाळ्यातच ये." फुलं आली की तो फोटो पाठवायचा. पडदाभर एकच जांभळं फूल, मध्ये पिवळा पट्टा. काकू तो फोन गावभर फिरवायच्या. आणि उन्हाळ्यात आल्या की माझ्यापाशी कुरकुर, "बाळंतपन म्या करायचं आन् बारसं फोटूत बघायचं! एकदा तरी माघात बोलव म्हनावं त्याला."

मी रदबदली करायला गेले की निखिल हसायचा. "ताई, तुम्ही तिची बाजू घेऊ नका हां. आणतो एकदा, तिची धाप जरा कमी होऊ दे."

गेल्या फेब्रुवारीत निखिल झोपेतच गेला. हृदय बंद पडलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती पोराने.

काकूंना आणायला विमानतळावर मी गेले. त्या ना रडल्या, ना काही विचारलं. गाडीत एवढंच म्हणाल्या, "वास्तू तथास्तु म्हनती, बाई. लई वेळा म्हनलं म्या, माघात बोलव."

डब्लिनला अंत्यसंस्कार उरकून आम्ही त्याच्या घरी आलो. स्वयंपाकघराचा अंगणाकडचा पडदा मी सकाळीच ओढून ठेवला होता. काकूंनी तो सारला आणि तशाच बाहेर गेल्या. आयरिस अगदी भरात होते. त्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग एका फुलाशेजारी बोट उभं धरलं.

"येवढुशीच हायत व्हय गं? बोटायेवढी? फोटूत तर कमळायेवढी दिसायची."

"जवळून काढायचा ना तो, काकू."

"येवढ्या जवळनं? कसा?"

खोटं कशाला बोलू? दर फेब्रुवारीत मी माझ्या खिडकीतून बघत आले होते. म्हटलं, "पालथा पडून. चिखलात कोपरं टेकून. उन्हाची तिरीप येईपर्यंत तसाच पडून राहायचा."

"ह्या असल्या थंडीत?"

"हो."

काकू एकदम चिडल्या, तो पुढ्यात उभा असावा तशा. "मला गारठा नगं म्हनायचा आन् सवता वल्यात पडायचा! आगं, तुमी कुनी उठवायचं न्हाई व्हय त्याला?"

बोलून गेल्या, आणि मग ओल्या गवतावर हात टेकून, विमानातून उतरल्यापासून पहिल्यांदाच, त्या मोठ्याने रडल्या.