आत्याची एकेरी टीप

माझी आत्या कपडे शिवायची आणि प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप मारायची. "कापड विरलं तर नशीब त्याचं, शिवण उसवली तर नाव माझं." तिनं शिवलेले माझे फ्रॉक आखूड झाले, उसवले मात्र कधीच नाहीत.

मी कॉलेजात असताना एका इंजिनिअरनं तिला शेडवर बोलावलं. तो उन्हावर उडणारं विमान बांधत होता. पंखावर सोलरच्या पट्ट्या, खालून कांद्याच्या सालीसारखं कापड. ते आत्यानं शिवायचं, एकेरी टिपेनं. मी डबा घेऊन गेले, त्याच दिवशी पंखाचं वजन झालं आणि इंजिनिअरनं कपाळाला हात लावला.

"आत्या, तीस ग्रॅम जास्त! दुहेरी टीप मारलीत ना?"

"मारली. आत माणूस बसणार आहे."

"ऊन मोजूनमापून ताकद देतं हो. चालवणारीनंसुद्धा जेवण कमी केलंय."

"वा! पोर उपाशी राहिलेली चालते, माझा दोरा तेवढा जड होतो!"

बोलली खरी, पण दोन दिवस चष्मा नाकावर घेऊन तिनं ती जादा टीप उसवली. मला हातही लावू दिला नाही.

उड्डाणाच्या सकाळी आभाळ लख्ख होतं. विमान उचललं गेलं, पण चाल अशी की सायकलवाल्यानं मागे टाकावं. आत्या डोळे मिटून बाकावर बसलेली. "फाटलं का गं?" "नाही." "आता?" "नाही गं आत्या!" पाऊण तासानं एक ढग आला आणि विमान हळूहळू खाली उतरलं. सगळे विमान चालवणाऱ्या मुलीकडे धावले. आत्या वाकून पंखाखाली शिरली. इंच न् इंच शिवण चाचपली, मग बाहेर येऊन मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "चल, आधी पोटभर जेव."

जेवताना तिनं इंजिनिअरला विचारलं, "मला कधी बसवताय?"

तो ओशाळला. "दोघांना न्यायचं तर पंख मोठा हवा. मोठ्या पंखाचं ओझं पुन्हा उन्हानंच उचलायचं. तुमच्या-माझ्या हयातीत अवघड आहे."

"असू दे. ती उतरली ना नीट."

घरी आल्यावर तिनं शेजारणीचे अर्धवट पडदे मशीनवर घेतले. एक टीप मारली. तिच्याच शेजारून दुसरी. मी हसले, तर म्हणाली, "हसतेस काय? यांना कुठे उडायचंय!"