सोल निघालेले बूट

बूट खास बायकांचे होते. वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर येणारे. घेतले तेव्हा दुकानातल्या मुलीने मला पाण्याच्या ट्रेमध्ये पाच मिनिटं उभं केलं होतं आणि मोजे कोरडे राहिले होते. कॉलेजच्या दोन मैत्रिणींबरोबर हिमालयात जायचं ठरलं होतं. त्या वर्षी मुलीची परीक्षा आली, पुढच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन, मग मैत्रिणीही एकेक करून गळाल्या. इथे परदेशात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये बूट आठ वर्षं खोक्यातच राहिले.

यंदा सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत काम करते. आमच्या टीममधले दोघं सोडून गेले होते आणि दोघांचंही काम माझ्याकडे आलं होतं. घरी यायचं, पानावर बसायचं, की घास हातात असतानाच डोळे मिटायचे. सासूबाई बघत असायच्या.

एका शनिवारी सकाळी त्या म्हणाल्या, "अगं, इथे जिकडेतिकडे फरशी नाहीतर सिमेंट. मातीवर चालता येईल असं काही आहे की नाही?"

मला खरं तर झोपायचं होतं. पण नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला, मुलगी ट्यूशनला. त्यांना नाही कसं म्हणणार? आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता, वाटेत चिखल असणार, म्हणून मी ते बूट बाहेर काढले. दिसायला अगदी नवे होते.

बसने जवळच्या एका राखीव जंगलाच्या तोंडाशी उतरलो. सासूबाई पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूजमध्ये पुढे, मी मागे. अर्धा तास चाललो असू, तर डावा पाय एकदम हलका लागला. वळून पाहिलं तर सोल मागे चिखलात पडलेला. उचलायला गेले, तर भिजलेल्या खारी बिस्किटासारखा हातात चुरला. उजव्याचाही सुटत आला होता.

"आई, थांबा हो जरा," म्हणत मी एका ओंडक्यावर बसले. आधी हसू आलं. मग रडू आलं, ते थांबेचना.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "रड. इथे कोण बघतंय?"

बघणारे होते. पाठीवर सॅक लावलेले एक चिनी अंकल नेमके तेव्हाच वळणावरून आले. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "आय्या, लाँग टाइम नेव्हर वेअर आह? ऑल लाइक दॅट वन लाह." इथल्या दमट हवेत नुसते ठेवलेले बूट असेच कुजतात, त्यांच्या बायकोचेही गेले होते म्हणे. सॅकमधून गुलाबी प्लास्टिकची दोरी काढून त्यांनी उजव्या बुटाचा सोल घट्ट बांधून दिला. डावा तसाच घालून चालायचं होतं. सासूबाईंनी पर्समधून डिंकाचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उभ्या उभ्या खाल्ला आणि मान डोलावून पुढे गेले.

परतताना मी सासूबाईंच्या दंडाला धरून चालत होते. खरं म्हणजे मी त्यांना धरायला हवं होतं.

"साहेबांना सांग ना, एकटीला होत नाही म्हणून," त्या म्हणाल्या.

"सांगितलंय, आई."

"मग परत सांग."

घरी आल्यावर बूट एकेक करून कचरा थेट खाली सोडायच्या चूटमध्ये टाकले. सोमवारी साहेबांना परत सांगितलं. "बघतो," ते म्हणाले. दीड महिन्याने मदतीला एक माणूस आला. पण त्याच्या कितीतरी आधी, साहेबांना सांगितलं त्याच आठवड्यात, मी दोन दिवस रजा घेतली आणि नुसती झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले तर घरात कोणी नव्हतं. सासूबाई एकट्याच बस पकडून जंगलात गेल्या होत्या. मला उठवलंही नव्हतं.